चिपवरच्या प्रकाशाची दिशा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये एका कपाटातून दुसऱ्या कपाटाकडे जाणारी माहिती आज मोठ्या प्रमाणावर काचतंतूंतून, प्रकाशाच्या रूपात धावते. विजेच्या संदेशाचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विजेत रूपांतर करणारी छोटी उपकरणे या तंतूंच्या दोन्ही टोकांना बसवलेली असतात. त्यांपैकी अनेकांच्या पोटात आता सिलिकॉनची फोटॉनिक चिप असते. या चिपवर तारांऐवजी प्रकाशाच्या वाटा कोरलेल्या असतात. त्यांना वेव्हगाइड म्हणतात.

या चिपविषयी लिहिताना आणि वाचताना दोन वेगळ्या गोष्टींची सतत गल्लत होते. प्रकाशाला वळवणे, विभागणे किंवा एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर नेणे ही झाली पहिली. प्रकाशाला एका दिशेने जाऊ देणे आणि त्याच वाटेने परत येऊ न देणे ही दुसरी. पहिले काम चिपवर रोज लाखो वेळा होते. दुसऱ्यासाठी भौतिकशास्त्राच्या एका मूलभूत नियमाची अट मोडावी लागते. बहुतेक गैरसमज हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

गैरसमज 1 : प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून त्याला वळवण्यासाठी चिपवर सूक्ष्म आरसे बसवावे लागतात.

वस्तुस्थिती : ‘प्रकाश सरळ रेषेत जातो’ हे शाळेतले वाक्य एकसारख्या माध्यमापुरते खरे आहे. चिपवर माध्यम एकसारखे नसते. संदेशवहनात वापरल्या जाणाऱ्या 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला सिलिकॉनचा अपवर्तनांक सुमारे 3.48 आणि त्याभोवतीच्या सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे 1.44 असतो. एवढ्या मोठ्या फरकामुळे प्रकाश सिलिकॉनच्या पट्टीतच राहतो.

पूर्ण आंतरिक परावर्तनाने याची सुरुवातीची कल्पना येते, पण तेवढे पुरेसे नाही. नेहमीची सिलिकॉन वेव्हगाइड सुमारे 450 ते 500 नॅनोमीटर रुंद आणि 220 नॅनोमीटर उंच असते. सिलिकॉनच्या आत प्रकाशाची तरंगलांबी 1550 भागिले 3.48, म्हणजे साधारण 445 नॅनोमीटर भरते. वाटच तरंगाएवढी अरुंद असल्यामुळे भिंतींवर आपटत जाणाऱ्या किरणाचे चित्र इथे उपयोगी पडत नाही. तरंगाचा एक ठरावीक आकार, ज्याला मोड म्हणतात, तो अख्खा पट्टीबरोबर पुढे सरकतो. पट्टी वळली की तोही वळतो.

सिलिकॉनच्या वेव्हगाइडला 5 मायक्रोमीटर त्रिज्येचे वळण देता येते. माणसाच्या केसाच्या जाडीत अशी अनेक वळणे मावतील. साध्या काचतंतूत गाभा आणि आवरण यांच्या अपवर्तनांकांत अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक असतो. म्हणून त्याला काही सेंटिमीटरपेक्षा जास्त घट्ट वळवले, तर प्रकाश बाहेर सांडू लागतो. आरसे कुठेच लागत नाहीत. अपवर्तनांकांतला फरक जितका मोठा, तितके वळण घट्ट घेता येते.

गैरसमज 2 : वेव्हगाइडमध्ये प्रकाश पूर्णपणे कोंडलेला असतो.

वस्तुस्थिती : मोडचा काही भाग पट्टीच्या भिंतीबाहेर पसरलेला असतो आणि भिंतीपासून दूर जाताना तो झपाट्याने क्षीण होतो. फोटॉनिक चिपचे निम्मे कौशल्य बाहेर डोकावणाऱ्या या भागावर उभे आहे.

दोन वेव्हगाइड एकमेकींपासून 200 नॅनोमीटर अंतरावर समांतर नेल्या, तर पहिलीतला प्रकाश हळूहळू दुसरीत जातो. काही अंतरावर तो पूर्णपणे दुसरीत पोहोचतो. तशाच पुढे नेल्या, तर तो पुन्हा पहिलीत परततो. वाटा नेमक्या कुठे वेगळ्या करायच्या, यावर कुणाला किती प्रकाश मिळणार हे ठरते. निम्म्या अंतरावर वेगळ्या केल्या तर समसमान वाटणी होते. या रचनेला डायरेक्शनल कपलर म्हणतात. तिच्यात हलणारा एकही भाग नसतो आणि दोन्ही वाटा एकमेकींना स्पर्शही करत नाहीत.

गैरसमज 3 : विजेचा दाब देऊन प्रकाशाला हव्या त्या वाटेवर ढकलता येते.

वस्तुस्थिती : फोटॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनप्रमाणे त्याला खेचता किंवा ढकलता येत नाही. विजेने बदलतो तो पदार्थाचा अपवर्तनांक. प्रकाशाची पुढची वाट त्यावरून ठरते.

सर्वांत साधा उपाय उष्णतेचा आहे. सिलिकॉनचे तापमान एका अंशाने वाढले की त्याचा अपवर्तनांक सुमारे 0.00018 ने वाढतो. हा आकडा नगण्य वाटेल, पण हिशेब करून पाहावा. वेव्हगाइडच्या 100 मायक्रोमीटर लांबीवर सूक्ष्म हीटर बसवून ती सुमारे 40 अंशांनी तापवली, तर त्या तुकड्यातून जाणारा प्रकाश अर्ध्या तरंगाने मागे पडतो.

आता प्रकाश दोन समान वाटांत विभागायचा, त्यांपैकी एकीवर हा हीटर ठेवायचा आणि पुढे दोन्ही वाटा कपलरमध्ये एकत्र आणायच्या. हीटर बंद असताना दोन्ही तरंगांच्या व्यतिकरणाने सगळा प्रकाश एका दाराने बाहेर पडतो. हीटर चालू केला की तोच प्रकाश दुसऱ्या दाराने निघतो. याला माख-झेंडर इंटरफेरोमीटर म्हणतात. असे शेकडो स्विच एका चिपवर जाळ्यासारखे जोडता येतात.

उष्णतेला मायक्रोसेकंदांचा वेळ लागतो. त्याहून वेगाने काम हवे असेल तर सिलिकॉनमधल्या विद्युतभारवाहकांची संख्या बदलतात. त्याचा अपवर्तनांकावर किती परिणाम होतो, हे रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी 1987 मध्ये मांडले आणि सिलिकॉनमधले वेगवान मॉड्युलेटर त्याच पायावर उभे राहिले.

चिपमधून बाहेर पडणाऱ्या झोताची दिशाही तरंगांच्या याच मागेपुढे करण्याने वळवता येते. एमआयटीच्या संशोधकांनी 2013 मध्ये 64 गुणिले 64, म्हणजे 4096 सूक्ष्म प्रकाश-अँटेनांची चिप दाखवली. प्रत्येक अँटेनातला तरंग किती मागे किंवा पुढे ठेवला आहे, यावर एकत्रित झोताचा आकार आणि दिशा ठरते.

गैरसमज 4 : थोडासा प्रकाश उलटा परत आला तर काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : लेसरसाठी परत आलेला प्रकाश हा मोठा धोका आहे. लेसर स्वतःच्या पोकळीतल्या प्रकाशाच्या आधारे स्थिर राहतो. बाहेरून त्याच रंगाचा, पण अवेळी परतलेला प्रकाश आत शिरला की त्याची तीव्रता आणि तरंगलांबी डळमळू लागते. काही सेमीकंडक्टर लेसर हजारातला एक भाग प्रकाश परत आला तरी अस्थिर होतात.

परत येण्याची कारणे चिपवर जागोजागी असतात. सिलिकॉन आणि हवा यांच्या उघड्या सीमेवर लंब पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 30 टक्के परावर्तित होतो. वेव्हगाइडच्या भिंतींवर एक-दोन नॅनोमीटरचा खडबडीतपणा राहतोच आणि त्यावरून विखुरलेल्या प्रकाशाचा काही भाग मागे फिरतो. तंतूतून चिपमध्ये प्रकाश शिरतो त्या जागीही परावर्तन होते, म्हणून तिथे तंतू अनेकदा काही अंश तिरका धरतात.

घरी फायबरचे इंटरनेट असेल तर हीच काळजी डोळ्यांनी पाहता येते. घरच्या उपकरणाला जोडलेल्या फायबरचे टोक बहुधा हिरव्या रंगाचे असते. त्या टोकाची काच 8 अंश तिरकी घासलेली असते, म्हणजे परावर्तित प्रकाश तंतूच्या गाभ्यातून सरळ मागे न जाता बाजूला निघून जातो. परावर्तन कमी करण्याचा हा चांगला मार्ग आहे, पण शून्य ते करता येत नाही. उरलेला प्रकाश लेसरपर्यंत पोहोचू नये म्हणून आयसोलेटर लागतो. पुढे जाणाऱ्याला तो वाट देतो आणि मागे येणाऱ्याला अडवतो.

गैरसमज 5 : चिपवरची रचना एका बाजूने वेगळी आणि दुसऱ्या बाजूने वेगळी केली की वाट एकेरी होते.

वस्तुस्थिती : हा सर्वांत पसरलेला आणि जाणकारांनाही चकवणारा गैरसमज आहे. त्यासाठी इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा फाटा बारकाईने पाहू.

खोडातून 1 मिलिवॅट प्रकाश सोडला. दोन्ही फांद्यांतून अर्धा-अर्धा, मिळून 1 मिलिवॅट बाहेर पडला. आता उलट करू. डाव्या फांदीतून 1 मिलिवॅट सोडला, तर खोडातून फक्त अर्धा मिलिवॅट बाहेर येतो आणि उरलेला आजूबाजूच्या काचेत विखरून जातो. ‘जाताना 100 टक्के, येताना 50 टक्के, म्हणजे वाट एकेरी’ असा निष्कर्ष इथे चटकन निघतो. तो चुकीचा आहे.

तुलना त्याच दोन दारांची करायला हवी. खोडातून डाव्या फांदीत पोहोचला 50 टक्के. डाव्या फांदीतून खोडात पोहोचला तोही 50 टक्के. दोन्ही आकडे सारखेच आहेत. दोन्ही फांद्यांतून अर्धा-अर्धा मिलिवॅट बरोबर ताल जुळवून परत पाठवला, तर खोडातून पूर्ण 1 मिलिवॅट निघतो. ही रचना जाताना जितके देते, तितकेच परत येताना घेते.

हा परस्परतेचा, म्हणजे रेसिप्रॉसिटीचा नियम आहे. डच भौतिकशास्त्रज्ञ हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांनी तो 1896 मध्ये विद्युतचुंबकीय तरंगांसाठी मांडला. तीन अटी पाळल्या गेल्या, की रचना कितीही वेडीवाकडी असली तरी तो लागू होतो : पदार्थाचे गुणधर्म प्रकाशाच्या तीव्रतेनुसार बदलत नाहीत, ते काळानुसार बदलत नाहीत आणि चुंबकीय परिणामामुळे आलेली दिशांची विषमता त्यांत नाही. पदार्थ प्रकाश शोषत असला तरीही नियम टिकतो, हे मुद्दाम सांगायला हवे. शोषणाने प्रकाश कमी होतो, पण दोन्ही दिशांनी सारखाच.

खिडकीच्या गडद काचेबद्दलही असाच समज असतो. दिवसा घरातून बाहेरचे दिसते आणि बाहेरून आतले दिसत नाही, म्हणून ती काच एकेरी वाटते. प्रत्यक्षात ती दोन्हीकडून सारखाच प्रकाश सोडते. बाहेर उजेड जास्त असतो, एवढेच. रात्री घरात दिवे लावले की बाहेरच्यांना आतले स्पष्ट दिसते.

जाणकारही चकतात याची नोंद सायन्स या साप्ताहिकात आहे. त्यात 2011 मध्ये सिलिकॉनच्या एका साध्या, चुंबकविरहित रचनेत प्रकाशाचे वर्तन दोन दिशांना वेगळे असल्याचा शोधनिबंध आला. एका दिशेने जाताना प्रकाशाचा मोड बदलत होता, दुसऱ्या दिशेने बदलत नव्हता. स्टॅनफर्डचे शानहुइ फान आणि इतर अनेक संशोधकांनी 2012 मध्ये त्याच साप्ताहिकात दाखवून दिले, की सर्व मोड धरून हिशेब केला तर ही रचना परस्परतेचा नियम तंतोतंत पाळते. मूळ लेखकांनीही उत्तरात मान्य केले, की ही रचना एकटी आयसोलेटरचे काम करू शकत नाही. या क्षेत्रातल्या अनेक नामवंतांनी मिळून 2013 मध्ये नेचर फोटॉनिक्समध्ये आयसोलेटर कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, यावर लेखच लिहिला. विज्ञानातली चूक अशीच उघडपणे दुरुस्त होते. तो वाद या क्षेत्राला उपकारक ठरला.

गैरसमज 6 : चुंबकाचा उपाय जुना आणि सिद्ध आहे, तोच चिपवर बसवला की झाले.

वस्तुस्थिती : उपाय खरोखर जुना आणि भक्कम आहे. मायकेल फॅरडे यांना 1845 मध्ये दिसले, की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या जड काचेतून क्षेत्राच्या दिशेने प्रकाश गेला की त्याच्या कंपनाचे प्रतल फिरते. हे फिरणे प्रकाशाच्या प्रवासाच्या दिशेवर अवलंबून नसते, चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर असते. साखरेच्या पाकातही प्रतल फिरते, पण प्रकाश परत आला की ते उलटे फिरून पूर्ववत होते. चुंबकाच्या बाबतीत ते परतीच्या वाटेवर आणखी फिरते.

तंतूंसाठीचा आयसोलेटर यावरच चालतो. सुरुवातीला उभ्या कंपनाचा प्रकाश सोडणारी ध्रुवक-पट्टी, म्हणजे 0 अंश. मग गार्नेटचा स्फटिक आणि चुंबक, जो प्रतल 45 अंशांनी फिरवतो. शेवटी 45 अंशांवर लावलेली दुसरी पट्टी. जाणारा प्रकाश सुखरूप पार होतो. परतणारा प्रकाश 45 अंशांवर आत शिरतो, स्फटिकात त्याच बाजूने आणखी 45 अंश फिरतो आणि 90 अंशांवर पहिल्या पट्टीपाशी पोहोचतो. तिथे तो अडतो.

चिपवर मात्र हे जसेच्या तसे चालत नाही. सिलिकॉनमध्ये हा परिणाम फारच क्षीण आहे. यिट्रियम आयर्न गार्नेट हा योग्य पदार्थ, पण त्याच्या स्फटिकाचा घटक सुमारे 12.4 अँगस्ट्रॉमचा आणि सिलिकॉनचा सुमारे 5.4 चा असतो. त्यामुळे एकावर दुसरा नीट वाढत नाही. शिवाय चपट्या वेव्हगाइडमध्ये आडव्या आणि उभ्या कंपनाचे प्रकाश वेगवेगळ्या गतीने जातात. दोघांचा ताल सुटतो आणि प्रतल 45 अंशांपर्यंत फिरतच नाही.

म्हणून संशोधकांनी प्रतल फिरवण्याचा नाद सोडला आणि दोन दिशांच्या प्रकाशाच्या तालात फरक पाडण्याचा मार्ग धरला. तेत्सुया मिझुमोतो यांच्या टोकियोतल्या गटाने आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये सिलिकॉन वेव्हगाइडवर गार्नेट थेट जोडून आयसोलेटर दाखवला. एमआयटीच्या गटाने 2011 मध्ये सिलिकॉनच्या सूक्ष्म कडीवर, म्हणजे बंद वळसा घेणाऱ्या वेव्हगाइडवर, गार्नेटचा थर चढवून तो साधला. कडीचा आकार लहान राहतो, पण ती अगदी अरुंद तरंगलांबीपट्ट्यात काम करते आणि तापमान एका अंशाने बदलले तरी तो पट्टा सुमारे 0.08 नॅनोमीटरने सरकतो. गार्नेट थोडा प्रकाशही शोषतो. तत्त्व सिद्ध झाले आहे, कारखान्यातल्या उत्पादनाची अडचण अजून पुरती सुटलेली नाही.

गैरसमज 7 : चुंबकाशिवाय प्रकाश एकेरी करणे अशक्य आहे.

वस्तुस्थिती : लॉरेन्ट्झ यांच्या तीन अटींपैकी कोणतीही एक मोडली तरी चालते.

एक मार्ग काळाचा. वेव्हगाइडच्या अपवर्तनांकात एका दिशेने सरकणारी लहर निर्माण करायची. तिच्या दिशेने जाणाऱ्या प्रकाशाचा तिच्याशी मेळ बसतो आणि तो दुसऱ्या मोडमध्ये, किंचित वेगळ्या वारंवारतेवर ढकलला जातो. उलट येणाऱ्या प्रकाशाचा मेळ बसत नाही आणि तो जसाच्या तसा राहतो. झोंगफू यू आणि शानहुइ फान यांनी हा प्रस्ताव 2009 मध्ये मांडला. मिशेल लिप्सन यांच्या कॉर्नेलमधल्या गटाने 2012 मध्ये तो सिलिकॉन चिपवर करून दाखवला. इलिनॉय विद्यापीठात गौरव बहल यांच्या गटाने 2021 मध्ये लिथियम नायोबेटच्या चिपवर ध्वनिलहरींच्या साह्याने चुंबकविरहित आयसोलेटर साधला. त्याची किंमत अशी, की लहर चालू ठेवण्यासाठी सतत रेडिओ वारंवारतेची वीज पुरवावी लागते.

दुसरा मार्ग प्रकाशाच्या तीव्रतेचा. लेसरचा प्रखर प्रकाश कडीत शिरला की पदार्थाचा अपवर्तनांक किंचित बदलतो. हा बदल उलट दिशेने येणाऱ्या प्रकाशाला दुप्पट जाणवतो, त्यामुळे त्याचा कडीशी मेळ सुटतो आणि तो पुढे जाऊ शकत नाही. स्टॅनफर्डमध्ये येलेना वुच्कोविच यांच्या गटाने 2023 मध्ये सिलिकॉन नायट्राइडच्या कड्यांवर हे दाखवले. त्याला ना चुंबक लागतो, ना बाहेरची वीज. मात्र लेसर चालू असेपर्यंतच आणि त्याच्या स्वतःच्या तरंगलांबीपुरतेच हे संरक्षण मिळते. केवळ तीव्रतेवर चालणाऱ्या आयसोलेटरच्या मर्यादा फान यांच्याच गटाने 2015 मध्ये दाखवल्या होत्या. अशा अनेक रचनांत पुढचा प्रखर प्रकाश चालू असताना मागून येणारा क्षीण प्रकाश बिनबोभाट निसटतो आणि व्यवहारात तोच थांबवायचा असतो.

गैरसमज 8 : आयसोलेटर उलट येणारा प्रकाश नाहीसा करतो.

वस्तुस्थिती : ऊर्जा नाहीशी होत नाही. अडवलेला प्रकाश पट्टीत शोषला जाऊन उष्णता होतो किंवा बाजूच्या वाटेने बाहेर काढला जातो. दोनच दारे आणि शून्य ऊर्जाक्षय असा आयसोलेटर बनू शकत नाही. बनला असता तर सारख्याच तापमानाच्या दोन वस्तूंपैकी एक आपोआप तापली असती आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडला असता. लॉर्ड रेली यांनी 1901 मध्ये फॅरडे परिणामाबाबत याच शंकेचा ऊहापोह केला होता. म्हणून परतणाऱ्या प्रकाशाला तिसरे दार देणारा सर्क्युलेटर वापरतात. त्यात पहिल्या दाराचा प्रकाश दुसऱ्याने निघतो, दुसऱ्याचा तिसऱ्याने.

‘एकेरी प्रकाशाची चिप’ अशा मथळ्याची बातमी वाचाल तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा. परस्परतेची कोणती अट मोडली आहे : चुंबकाने, काळाने की तीव्रतेने? मोजमाप त्याच दोन दारांत आणि सर्व मोड धरून केले आहे का? पुढचा आणि मागचा प्रकाश एकाच वेळी असतानाही अडवणूक टिकते का? आणि अडवलेला प्रकाश जातो कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतीच नाही, आकारच असा आहे’ असे असेल, तर ती रचना प्रकाश वळवत असेल, विभागत असेल, गाळतही असेल. पण वाट एकेरी करत नाही, हे निश्चित समजा.